इंचात सव्वीस आटे

सकाळी साडेसहा

ऊन चढायच्या आत गच्चीवर दोन ताटं मांडून होतात. एकात आईची हळकुंडं, दुसऱ्यात अॅल्युमिनियमच्या फॉइलवर तोंड खाली करून ठेवलेली सुपर-ताकुमार. पन्नास मिलिमीटरची, एक पॉइंट चारची ही लेन्स जपानच्या असाही कंपनीनं १९६०च्या दशकात पेंटॅक्स कॅमेऱ्यांसाठी काढली. तिच्या मागच्या भिंगांच्या काचेत थोरियम आहे. थोरियम घातल्यानं काच प्रकाश जास्त वाकवते, म्हणून त्या काळच्या लेन्स बनवणाऱ्यांना ते हवं असायचं. पण त्याच थोरियमच्या किरणोत्सारानं काच वर्षागणिक पिवळी पडत जाते. त्यावर उपाय उन्हातल्या अतिनील किरणांचा. रोज काही तास, काही आठवडे असं ऊन दिलं की पिवळेपणा उतरतो. फेब्रुवारीच्या हिंगोलीत उन्हाला तोटा नाही.

दोन गोष्टी सांभाळायच्या. लेन्सनं गोळा केलेलं ऊन कापडावर किंवा कागदावर पडलं तर ते पेटतं, म्हणून खाली फॉइल आणि आसपास काही नको. आणि ही काच कधी घासायची नाही, फोडायची नाही. नुसती हाताळण्यात भीती नाही, पण तिची पूड पोटात जाता कामा नये. आईला हे सांगितल्यापासून तिनं दोन्ही ताटांत हातभर अंतर ठेवलंय.

"माझी हळद आधी वाळती का तुझी काच आधी पांढरी व्हती, बघू," ती म्हणते आणि खाली जाते.

सकाळी आठ

चहाबरोबर लेन्सचा डबा उघडतो. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात आपल्याकडं लेन्सला बुरशी धरते आणि एकदा तिचे तंतू काचेवरच्या लेपात शिरले की डाग कायमचा राहतो. नुकती धरलेली बुरशी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या मिश्रणानं निघते. जुने दुरुस्तीवाले हेच वापरायचे, खिडकी उघडी ठेवून.

आज डब्यातून वडिलांच्या झेनिट कॅमेऱ्याची लेन्स काढली. हेलिऑस ४४-२, अठ्ठावन्न मिलिमीटर, छिद्र दोनपर्यंत उघडणारं. सोव्हिएत कारखान्यांनी जर्मन झाइसच्या बायोटार लेन्सवरून ही बेतली आणि अफाट संख्येनं काढली. वडिलांनी हिच्यावर लग्नं काढली, बारशी काढली. रोल गेले, कॅमेऱ्याचा पडदा गेला, लेन्स मात्र शाबूत आहे. रिंग फिरवली की आजही लोण्यासारखी फिरते.

जुन्या लेन्सचं दुखणं बहुतेक वेळा काचेत नसतं. ती जिथं बसायची ते घर गेलेलं असतं. हेलिऑसला ४२ मिलिमीटर व्यासाचे, एक मिलिमीटर अंतराचे आटे आहेत. माझ्या कॅनन डीएसएलआरवर दीड मिलिमीटर जाडीच्याही आतली एक रिंग लावली की ती बरोबर बसते आणि अनंतापर्यंत फोकस होते. निकॉनच्या डीएसएलआरवर नाही होत, कारण तिथं सेन्सर एक मिलिमीटरभर जास्त मागं आहे. एका मिलिमीटरवर अख्खं आकाश जातं. या नादाला लागल्यापासून मिलिमीटरकडं पाहण्याची माझी नजरच बदलली.

सकाळी दहा

स्टुडिओ उघडला. बोर्डाच्या परीक्षेचे दिवस, शिष्यवृत्तीचे अर्ज, जात प्रमाणपत्राची गडबड. पासपोर्ट फोटोंना गर्दी. "सर, कान दिसू द्या, हनुवटी थोडी खाली," हे वाक्य दिवसभर चालतं. पोट यावरच चालतं आणि हे काम मी मन लावून करतो.

गिऱ्हाईक नसलं की काउंटरखालून सोळा मिलिमीटर प्रोजेक्टरची लेन्स निघते. दोन इंचाची, पितळी अंगाची. हिला छिद्र लहान-मोठं करायची सोय नाही, फोकसची रिंगही नाही. प्रोजेक्टरमध्ये ती नुसती पुढं-मागं सरकवायची असायची. तिची रचना योझेफ पेट्झवालनं व्हिएन्नात १८४०मध्ये मांडलेल्या आराखड्याच्या वंशातली. मधला भाग लख्ख आणि कडांना सगळं गरगरल्यासारखं. हिला कॅमेऱ्याला जोडलंय सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं. एक टोक लेन्सच्या अंगावर, दुसरं ताणून रिंगवर. रबर काळं, त्यामुळे आत प्रकाश शिरत नाही, आणि बोटांनी दाबलं की फोकस होतो. डीएसएलआरवर लांबचं काही दिसत नाही, आरशासाठी सोडलेल्या जागेमुळं ती सेन्सरच्या पुरेशी जवळ जाऊच शकत नाही. पण जवळचं दिसतं! ओल्या हळदीची एक चकती कापून खिडकीत धरली. मधला गाभा आणि भोवतीची साल यांच्यामधली गोल रेघ नारिंगी रंगात उजळून आली, आणि चकतीची कड फिरत फिरत विरघळली. असा फोटो नवी महाग लेन्स देत नाही, कारण कडा बिघडू नयेत यासाठीच ती महाग असते.

दुपारी साडेबारा

डबा खाऊन रिसाल्याकडं चाचांच्या सायकलच्या दुकानात. निजामाच्या काळात हिंगोलीत फौजेची छावणी होती. रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावं अजून त्याच फौजेची. चाचांच्या दुकानात समोर नव्या गिअरच्या सायकली टांगलेल्या असल्या तरी मागच्या भिंतीला लाकडी खणांचं कपाट आहे आणि माझं काम त्या कपाटाशी.

"चाचा, मागच्या चाकाचा एक्सल द्या. नवा."

"कोन के साथ?"

"कोन एक. नट चार."

"चार कामून? एक्सलला दोनच लागतात."

मग मी सांगतो काय करायचंय. ते ऐकतात, पान थुंकून येतात आणि खण ओढतात.

एक्सल म्हणजे हातभरसुद्धा नसलेली पोलादी कांडी, तीन अष्टमांश इंच जाडीची, टोकापासून आटे पाडलेली. मी खिशातून पोलादी पट्टी काढून तिला टेकवतो. आट्यांची माथी मोजत जायची. नखानं एकेक आटा ओलांडत इंचाच्या रेघेशी आलो की आकडा सव्वीस येतो. पुढच्या चाकाचा एक्सल बारीक, पाच षोडशांश इंचाचा, पण आटे तितकेच, इंचात सव्वीस. हे इंग्रजी सायकलींचं जुनं माप. देश स्वतंत्र झाला, मेट्रिक मापं आली, सायकलीच्या आट्यांना कुणी हात लावला नाही. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीच्या सायकलीला आज सेनगावच्या बाजारात घेतलेला नट बसतो.

माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे. इंचात सव्वीस म्हणजे एका फेऱ्यात ०.९७७ मिलिमीटर. दुसरीकडून मागवायचा तर इतका नेमका स्क्रू म्हणजे पार्सल, वाट पाहणं आणि पैसे. इथं तो चहा-भज्यांच्या पैशात मिळतो आणि त्याच्यातलं कळणारा माणूस शेजारी बसलेला असतो.

"नुसता नट लावशील तर खेळ राहील," चाचा म्हणाले. "एक नट फळीत बसव, दुसरा त्याच्यावर कस. एकमेकांवर दाबले की प्ले गेला. चाकात आम्ही कोन आणि नट असेच दाबतो. ढिला नको, जाम बी नको."

नंतर त्यांनी एक पुढचं हब दिलं, रंग उडालेलं पण वाट्या चांगल्या. त्यात ग्रीस भरलं, छर्रे बसवले आणि कोन कसत कसत एका जागी थांबले. हब दोन बोटांत धरून फिरवलं तर आवाज नाही, आडवं हलवलं तर हलत नाही. ही जागा त्यांना बोटांनी कळते. यंत्रशाळेत याच गोष्टीला मोठी नावं आहेत आणि ती मोजायची उपकरणंही. चाचा ही अचूकता रोज वीसेक सायकलींना देतात, आणि आपल्याकडं याला कारागिरी म्हणायची पद्धत नाही, पंक्चरवाला म्हणून मोकळे होतात. मला ते खटकतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, तिथून पुढं लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी झाली. त्याआधी ते मुंबईत चित्रकला शिकत होते आणि रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ती सोडावी लागली होती. नजर आणि आटे यांचं नातं मराठी माणसाला नवं नाही.

दुपारी दोन

स्टुडिओत मदतनीस मुलगा बसलाय. मी मागच्या खोलीत.

बनवायचंय ते असं. दोन फळ्या, एका कडेला बिजागरी. खालची फळी पक्की, वरची उघडत जाणारी, तिच्यावर कॅमेरा. बिजागरीचा आस ध्रुवाकडं. मग वरची फळी आकाशाच्या वेगानं उघडत राहिली की कॅमेऱ्यापुढं तारे थांबतात. स्कॉटलंडच्या जॉर्ज हेग यांनी ही युक्ती १९७०च्या दशकात मांडली आणि जगभरच्या हौशी लोकांनी ती उचलली.

बिजागरी म्हणजे चाचांचं हब. त्याच्या दोन्ही कडांच्या चकत्यांत मिळून आऱ्यांची बत्तीस भोकं असतात. त्यातून बारीक स्क्रू घालून हब वरच्या फळीला जोडलं, एक्सलची दोन टोकं खालच्या फळीवरच्या पट्ट्यांत कसली. दाराची बिजागरी डुगडुगते, ही डुगडुगत नाही.

आता हिशोब. पृथ्वीची ताऱ्यांच्या मानानं एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत होते, म्हणजे मिनिटाला पाव अंशाहून किंचित जास्त. मागचा एक्सल मिनिटाला एक फेरा फिरवला तर फळी ०.९७७ मिलिमीटर उचलली जाणार. त्यातून एवढाच कोन उघडायचा, तर बिजागरीपासून स्क्रूचं अंतर २२३ मिलिमीटर हवं. पेन्सिलीनं खूण केली, परत मोजली, तिसऱ्यांदा कोनमापी लावून पाहिली, मग ड्रिल. यात एक मिलिमीटर इकडंतिकडं झालं तरी दोन मिनिटांच्या फोटोत तारा अर्धा पिक्सेलच सरकतो. घराघरातली हत्यारं आणि आकाश यांच्यात इतकी सवलत आहे, हे कळतं तेव्हा हुरूप येतो.

नट खालच्या फळीत अॅरल्डाइटनं बसवला, त्याच्यावर दुसरा कसला, चाचांनी सांगितला तसा. एक्सलच्या वरच्या टोकाला सेंटरचा बारीक खड्डा पाडून त्यात पाव इंची छर्रा चिकटवला, म्हणजे फळीखालच्या पत्र्यावर तो एकाच बिंदूवर टेकेल. दोन फळ्या एकमेकींकडं ओढून धरायला ट्यूबची पट्टी. आणि खालच्या टोकाला फिरवायची मूठ म्हणून सायकलच्या घंटीची वाटी. तिचं भोक कानशीनं मोठं करून दोन नटांमध्ये धरली आणि काठावर मार्करनं बारा खुणा केल्या. मोटर नाही, बॅटरी नाही. मनगटातल्या घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर वाटी फिरवायची, पाच सेकंदाला एक खूण.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांच्या नात्यातले भाऊ आनंदराव यांनी स्वतःचा सिनेमा कॅमेरा बनवायला घेतला तेव्हा आनंदराव वाटेतच, १९१६ साली वारले. बाबूरावांनी तो पुरा केला आणि १९२०मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. दादासाहेब फाळक्यांनी त्याही आधी वाटाण्याचं रोप उगवताना एकेक चौकट टिपून दाखवलं होतं. माझी फळी त्यांच्या पंगतीत बसवण्याचा विचार नाही. पण परगावाहून यंत्र येईपर्यंत थांबायचं नाही, हाती आहे त्यातून ते करायचं, ही रीत मी त्यांच्याकडूनच घेतली.

संध्याकाळी साडेपाच

शटर ओढलं. फळ्या, कॅमेरा, हेलिऑस, सीट पोस्ट आणि पाण्याची बाटली दुचाकीवर बांधून औंढ्याच्या रस्त्याला. महाशिवरात्र तोंडावर आलीय. औंढा नागनाथाला रथाची तयारी सुरू असेल. माघ वद्यात चंद्र उशिरा उगवतो, तेवढी रात्र आपली.

याच भागात, औंढ्याजवळच्या दुधाळा शिवारात, लायगो-इंडिया उभी राहायची आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. काटकोनातल्या दोन चार-चार किलोमीटर लांब भुजा, आत निर्वात नळ्या, दोन्ही टोकांना आरसे, मधून लेझर. लहर आली की भुजांची लांबी बदलते, तो बदल प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका लहान असला तरी टिपता येतो. अमेरिकेत अशा दोन आहेत. त्यांनी १४ सप्टेंबर २०१५ला पहिली लहर पकडली, फेब्रुवारी २०१६मध्ये आपल्या केंद्र सरकारनं तत्त्वतः होकार दिला आणि एप्रिल २०२३मध्ये २,६०० कोटींच्या खर्चाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. इतक्या दूरवर आणखी एक वेधशाळा झाली की लहर आकाशात नेमकी कुठून आली हे कितीतरी नीट सांगता येईल. जमीन शांत हवी, कंप कमी हवेत, म्हणून ही जागा.

या रस्त्यानं जाताना दर वेळी एकच वाटतं. जगातलं सर्वांत बारीक मोजमाप आपल्या जिल्ह्यात होणार आहे. ते सुरू होईल तेव्हा आपली मुलं कुंपणाबाहेर उभी राहून मोठी इमारत बघणारी नकोत. आरसा म्हणजे काय, खेळ म्हणजे काय, मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे काय, हे त्यांच्या बोटांना आधीच माहीत असायला हवं. त्यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहायची गरज नाही. चाचांचं कपाट आहे.

संध्याकाळी सात

बहिणीच्या शेतावर हळद शिजतेय. बॉयलरची वाफ, ओल्या मातीचा आणि हळदीचा उग्र वास, बाया-माणसांची ये-जा. दाजींनी लांबूनच हाक मारली, "या पाव्हणं, आज काय नवं आणलं?" बॉयलरवरच्या दिव्याला एका बाजूनं पत्रा आडवा लावून द्याल का, विचारलं. त्यांनी माणसाला सांगून लगेच लावून दिला.

शेताच्या वरच्या कडेला गडी आधीच पाइप रोवून बसलाय. त्यात सीट पोस्ट, वर सीटचा क्लॅम्प. या क्लॅम्पच्या आत दातेरी चकत्या असतात, बोल्ट कसला की कोन जागचा हलत नाही. औंढ्याचं अक्षांश साडेएकोणीस, म्हणून ध्रुव क्षितिजापासून साडेएकोणीस अंशावर. फळीच्या कडेला बांधलेल्या नळीतून ध्रुव दिसेपर्यंत क्लॅम्प हलवला आणि कसून टाकला. ध्रुव खऱ्या आसापासून पाऊण अंशाच्या आत आहे, अठ्ठावन्नच्या लेन्सला तेवढं पुरतं.

रात्री आठ

मृग नक्षत्र डोक्यावर. काक्षी तांबूस, राजन्य निळसर, खाली व्याध. हेलिऑसच्या चौकटीत हे नक्षत्र उभं धरलं तर वरपासून खालपर्यंत जेमतेम मावतं.

आधी फळी न फिरवता. पाच सेकंदांच्या पुढं गेलं की तारे लांबट होतात. मृगाचा पट्टा खगोलीय विषुववृत्तावर आहे, तिथं तारे सर्वांत वेगानं धावतात. दोन मिनिटांत शंभराहून जास्त पिक्सेलची रेघ पडली.

मग भाचीनं घंटीची वाटी धरली. नववीत आहे. तिच्या एका हातात घड्याळ, कपाळावर लाल कागद लावलेली बॅटरी. "मामा, सुरू करू?" मी रिमोट दाबला. ती खूण मागून खूण फिरवत गेली, पाच, दहा, पंधरा, ओठांनी मोजत. भाचा शेजारी श्वास धरून उभा. हात फळीला लागता कामा नये, वाटी फक्त दोन बोटांत. दोन मिनिटं झाली.

पडद्यावर तारे ठिपक्यांसारखे. पट्ट्याखाली तलवारीच्या मध्यावर तांबडा-निळा ढग पसरलेला, नुसत्या डोळ्यांना जो धुरकट ठिपका वाटतो तो. मेसिए या खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतला बेचाळिसावा, प्रकाशाला तिथून इथं यायला तेराशेहून जास्त वर्षं लागतात. छिद्र पुरतं उघडं ठेवलं तर कडेच्या ताऱ्यांना पंख फुटतात, ही हेलिऑसची जुनी खोड. चारपर्यंत बंद केलं की बरेचसे मिटतात. मी छिद्र थोडंसं उघडंच ठेवतो. लेन्सला स्वभाव असतो आणि तो पुसून टाकायला मला आवडत नाही.

"हलतंय कोण पण, तारे का आपण?" एक बाई बॉयलरवरून येऊन विचारत होत्या. आपण, मी म्हटलं. त्यांनी लगेच औंढ्याच्या देवळाची गोष्ट काढली. नामदेव महाराजांना मागं घालवलं तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं ती. महाराजांचं नर्सी इथून लांब नाही, ही गोष्ट इथं सगळ्यांच्या तोंडी आहे. फिरण्याचं त्यांना नवल वाटलं नाही. इतक्या हळू फिरतं याचं वाटलं.

रात्री साडेनऊ

भाच्याचा प्रश्न सरळ होता. "मामा, मोबाइल चालंल का याच्यावर?"

का नाही चालणार? अरविंद गुप्तांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे जोडून मुलांना भूमिती शिकवली, पुढं पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत मुलांसाठी वर्षानुवर्षं खेळणी बनवली. लायगो-इंडियाच्या कामात आघाडीवर आहे ती हीच आयुका. कॅमेरा उतरवला. फळीवर मोबाइल आडवा ठेवून ट्यूबच्या दोन पट्ट्यांनी बांधला. प्रो मोड, तीस सेकंद, टायमर लावून. आता वाटी त्याच्या हातात आणि मोजायचं काम त्याच्या बहिणीकडं. "पाच. दहा. घाई नको करू. पंधरा."

फोटो आला. मृग, रोहिणी, कृत्तिकांचा पुंजका, सगळे ठिपके. त्यानं तो तिथंच शेतातून वर्गातल्या चौघांना पाठवला. पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं, कुठलं ॲप आहे. त्यानं टाइप केलं, एक्सल आहे, मागच्या चाकाचा, आणि मला विचारलं, "मामा, चाचांचं दुकान रविवारी उघडं असतं का?"